काळ्या धारेची खदान : प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, ९ मार्च २०२५

ग्रामसभेत ठरलं, खदान बुजवायची. पावसाळ्याच्या आत मुरूम टाकून सपाट करायची आणि वर पोरांसाठी मैदान करायचं. मैदान गावाला हवंच आहे. मागच्या पावसाळ्यात एक गाय त्या पाण्यात गेली, म्हणून मी विरोधात हात वर केला नाही. एवढंच मागितलं की बुजवण्याआधी खदानीची नोंद करू द्या. सरपंचताईंनी मेपर्यंतची मुदत दिली.

मी इथल्याच शाळेत शिकवतो आणि गावही माझंच आहे. सातवीची सोळा पोरं-पोरी बरोबर आहेत. नवी वही घातली. पहिल्या पानावर पोरांनी विचारलेले प्रश्न उतरवले. त्यातला एक मला इतक्या वर्षांत कधी सुचला नव्हता: "सर, इथून काढलेला दगड गेला कुठं?"

रविवार, १६ मार्च

सकाळी सातला मोजणी सुरू केली, ऊन तापायच्या आत आटोपली. लांबी ९४ मीटर. सर्वांत रुंद जागी २१ मीटर. खोलीसाठी दोरीला दगड बांधून पाण्याच्या तळापर्यंत सोडला, काठापासून ५ मीटर ४० भरली. सरासरी रुंदी १५ आणि खोली ४ धरली तर ५,६४० घनमीटर दगड निघाला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्या हिशेबानं जवळपास २,००० ब्रास. फळ्यावर हा आकडा आला तेव्हा पोरं गप्प झाली. सगळं हातानं फोडलेलं. इथं यंत्र आलं ते अगदी शेवटी, आणि तेही दगड नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. खदान ज्या दगडात आहे त्याला गावात काळी धार म्हणतात. पूर्व-पश्चिम गेलेली काळ्या दगडाची भिंत आहे ती. कुठं कमरेएवढी वर आलेली, कुठं शेतात बुडालेली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त भित्ती नकाशावर आल्या आहेत. दख्खनचा लाव्हा पसरला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. जमिनीला पडलेल्या भेगांत खालून रस चढला आणि जागीच थिजला. भोवतालचा खडक झिजून गेला, हा कठीण म्हणून उभा राहिला.

खदानीच्या उत्तरेच्या कडेला एक गोष्ट फार सुंदर दिसते. रस भेगेच्या दोन्ही बाजूंनी गार होत आत आला, त्यामुळे त्याला तडे आडवे गेले. पाच-सहा कोनांचे दगडी दांडे एकावर एक, सरपणाची मोळी आडवी रचून ठेवावी तसे. एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर लाकडं." तेच बरोबर आहे. तड्यात पहार घालून जोर दिला की दांडा सुटा होतो, निम्मं काम दगडानंच करून ठेवलेलं. पन्नास पावलांवरचा दुसरा खडक सोडून माणसांनी इथंच का खोदलं, त्याचं उत्तर या मोळीत आहे.

धारेच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरींना आज मार्चमध्येही पाणी आहे, खालच्या अंगाच्या दोन कोरड्या. जमिनीखाली ही भिंत पाणी अडवून धरते. सोयरीक जुळवताना आमच्याकडे आजही विचारतात, वावर धारेच्या वर आहे की खाली.

शनिवार, २२ मार्च

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दिवस काढला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेल्यावर लगेच, १९२७ साली, ही संस्था उभी राहिली; खानदेशातल्या माणसानं जुनं काही शोधायचं ठरवलं की पाय आधी इकडं वळतात. १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचलं. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी १९०६ साली झाली. खनिजांचा मजकूर थोडकाच आहे. सोनं-रुपं, कोळसा आपल्याकडे नाही. बांधकामाचा दगड आणि चुन्यासाठी कंकर, एवढीच खनिजसंपत्ती. त्या मजकुरात दगड आहे, दगड फोडणारा माणूस नाही.

परत येताना एस.टी.त विचार करत होतो की आमच्या खदानीचं हजेरीपुस्तक कुठंच का मिळत नाही. तहसीलमध्ये नाही, ग्रामपंचायतीत नाही. १९५२ च्या खाण कायद्यात याचं उत्तर आहे. उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर रस्त्याचा आणि बांधकामाचा दगड काढणाऱ्या खाणीला त्या कायद्याची बहुतेक कलमं लागत नसत. आमची खोली ५ मीटर ४०. म्हणजे सरकारच्या कागदावर ही खाणच नव्हती, नुसता खड्डा होता. त्यामुळे आता माणसांच्या तोंडूनच काय ते मिळेल.

रविवार, २३ मार्च

नानांकडे गेलो. रस्त्याच्या कामावर त्यांनी कारकुनी केली, वय ८४, आठवण पक्की. सुरत-धुळे रस्त्याच्या आमच्या बाजूच्या कितीतरी मैलांना याच खदानीची खडी गेली, असं त्यांनी सांगितलं. आधी मोठा दगड, त्याचा डबर, डबर फोडून दीड इंची खडी. खडीवर मुरूम, मग पाणी आणि रोलर. डांबर पुढं आलं. पोरांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. रोज शाळेच्या सहलीची, उसाची, लग्नाच्या वऱ्हाडाची वाहनं त्या दगडावरून जातात आणि तो कोणाला दिसत नाही.

नाना दुष्काळावरही बराच वेळ बोलले. १९७२. पांझरा कोरडी, फडांना, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणाऱ्या शेतांना, पाणी नाही, पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला काम नाही. खदानीवर दुष्काळी काम निघालं आणि तोवर फक्त वडारांच्या बायका जिथं बसायच्या तिथं सगळ्या गावाच्या बायका येऊन बसल्या. पाटलाच्या घरची, सुताराची, भिल्लवस्तीतली. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि कामावर वाटलेला सुकडीचा तयार खाऊ. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. त्याच दिवसांनी रोजगार हमीची योजना राज्यभर नेली आणि पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी कामाच्या ज्या हक्काची मांडणी केली, त्याच्या तळाशी आमच्या धारेसारख्या शेकडो खदानी आहेत, असं मला मनापासून वाटतं.

उठताना नाना म्हणाले, "तुझ्या आबांना विचारायला हवं होतं रे. बावीस वर्षं मुकादमकी केली त्यांनी."

आबा, माझे आजोबा, जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

शनिवार, २९ मार्च

जिजी भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. धुळ्यात मुलाकडे राहतात, पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांचे आई-वडील रस्त्याच्या कामामागं फिरत आमच्या गावी आले आणि खदानीच्या काठावर पाल टाकून राहिले. जिजी त्याच काठावर, बाभळीला टांगलेल्या झोळीत वाढल्या. घरात वडारी, गावात अहिराणी. माझ्याशी त्या अहिराणीतच बोलल्या.

बरोबर चार पोरी आणि दोन पोरं होती. जिजींनी त्यांना कामाची हत्यारं दाखवली: सुतकी म्हणजे मोठा हातोडा, छिन्नी, पाचरी आणि खडी फोडायची लहान हातोडी, दांडा हाताच्या घामानं काळा झालेला. चिंध्या वळून केलेलं कडं दाखवलं. दगड त्या कड्यात धरायचा म्हणजे कच डोळ्यात उडत नाही. तरी उडायचीच. डाव्या तर्जनीचं नख त्यांना नाही, तिथं नुसती गुळगुळीत कातडी आहे.

मग त्यांनी एका मुलीच्या हातात हातोडी दिली आणि पुढं दोन दगड ठेवले. "आधी आयक. खरा दगड बोलस. तडकेल दगड बद्द वाजस." मुलीनं टोला दिला. पहिल्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ, दुसऱ्याचा ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. जिजी बघत होत्या तिच्याकडे, दगडाकडे नाही. दुसऱ्या टोल्याला तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं आणि जिजींनी मान हलवली. ते आवाज मोबाईलवर टिपून घेतले आहेत. माझ्या दृष्टीनं प्रकल्पातला हा सर्वांत मोलाचा ऐवज.

जात्याला टाकी लावायचं कामही त्या करायच्या. दाणा भरडेनासा झाला की जात्याच्या तळीवर छिन्नीनं नवे घाव घालायचे, मधल्या खुंट्यापासून कडेकडे. आमच्या घरातलं जातं त्यांच्या वडिलांनी घडवलेलं आहे, हे मला आज कळलं.

मजुरी कशी मिळायची, असं विचारलं. "पेटीवर." बिनबुडाची लाकडी पेटी जमिनीवर ठेवायची, खडीनं काठोकाठ भरायची, मुकादम वरून हात फिरवून सपाट करणार, मग पेटी उचलणार. ढीग तसाच राहतो, पेटी पुढच्या बाईकडे जाते. दहा पेट्यांचा एक ब्रास. एका बाईला एक पेटी भरायला दीड-दोन दिवस लागायचे.

त्या एवढं बोलून थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुढं काही विचारलं नाही. चहा आला.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमीची सुट्टी होती. घरी माळ्यावर चढलो. कडब्यामागं, जुन्या वखराच्या खाली, ती पेटी आहे. लहानपणी आम्ही तिच्यात लपायचो. ती कशाची पेटी आहे हे मला माहीत असूनही ती मोजावी असं कधी वाटलं नव्हतं.

पेटी आतून ५ फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट उंच असायला हवी. तेव्हाच १० घनफूट होतात. मी टेप लावला. लांबी ६२ इंच. रुंदी २५ इंच. उंची १३ इंच. तीनदा मोजलं. पोरांना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं, त्यांचेही तेच आकडे.

६२ गुणिले २५ गुणिले १३ म्हणजे २०,१५० घनइंच. भागिले १,७२८. ११.६६ घनफूट. दहा पेट्यांना ११६ घनफूट, पैसे १०० चे. सहा ब्रासांची मजुरी आणि खडी सात ब्रास.

मग पेटी उन्हात आणून नीट पाहिली. चारही फळ्या सागाच्या. पण लांबीच्या दोन फळ्यांना एका टोकाला दोन-दोन इंचांचा तुकडा जोडलेला आहे, तो बाभळीचा, रंग गडद आणि रेषा वेगळ्या. रुंदीच्या फळ्यांना तसाच एक इंचाचा. सांध्यावर लोखंडी पट्टी ठोकली आहे. पट्टीच्या आतल्या बाजूला जुन्या खिळ्यांची भोकं दिसतात, पहिल्या मापाची. पेटी आधी बरोबर होती. नंतर कोणीतरी बसून ती वाढवली.

सोमवार, ७ एप्रिल

नानांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून वही दोनदा वाचली. उंचीचा इंच त्यांनी बाजूला काढला: सैल खडी पुढं दबते, म्हणून १३ इंच भरून १२ धरायची रीतच होती, ते सगळ्यांना ठाऊक असायचं. माझ्याकडून घाई झाली. हिशेब दुरुस्त केला. उंची १२ धरली तर १०.७६ घनफूट. म्हणजे सहाला एक नाही, तेरा ब्रासांमागं एक ब्रास फुकट. कालची नोंद खोडत नाही, पण खरा आकडा हा.

लांबी-रुंदीचं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "त्याला रीत नव्हती."

मंगळवार, ८ एप्रिल

रात्री जेवताना दादांना सांगितलं. वडिलांना मी दादा म्हणतो. त्यांनी ताटातला हात थांबवला. "कसाले उकरी राहिना जुनं?" एवढंच बोलले आणि उठून अंगणात गेले. बराच वेळ खाटेवर बसून होते. आबांनी त्या मुकादमकीवर चार भावंडांना शिकवलं, दादा त्यातलेच. त्यांचं दुखणं मला समजतं. माझंही शिक्षण त्याच पैशाच्या पुढच्या पिढीतलं आहे. पण पोरांनी टेप स्वतःच्या हातानं धरलेला आहे. त्यांच्या वहीत आकडा आहे. तो आता मी खोटा लिहायला कसा सांगू?

रविवार, १३ एप्रिल

चैत्री पुनवेला अर्ध्या घरांतली माणसं सप्तशृंगी गडावर पायी गेलेली, अजून परतली नाहीत. सहाच पोरं आली. त्यांना घेऊन नदीवरचा जुना बंधारा पाहिला. फडाच्या पाटाला ज्या बंधाऱ्यानं पाणी चढतं त्याच्या खालच्या दोन थरांत सहाकोनी दांडे तसेच्या तसे बसवलेले आहेत, टोकं बाहेर. बंधारा कोणाच्याही आठवणीपेक्षा जुना. म्हणजे रस्ता यायच्या कितीतरी आधीपासून धारेचा दगड गावाला पाणी पाजत आला आहे. पोरांनी बंधारा, जाती, उखळं, मारुतीच्या पाराच्या पायऱ्या अशी ठिकाणं गावाच्या नकाशावर लाल टिंबांनी दाखवली. आतापर्यंत ४१ टिंबं.

रविवार, २० एप्रिल

पुन्हा जिजींकडे. या वेळी एकटाच गेलो, पोरांसमोर हे बोलायचं नव्हतं. माझे आबा तिथं मुकादम होते हे त्यांना आधीपासून माहीत होतं, पहिल्याच दिवशी त्यांनी नाकावरून ओळखलं होतं. मी पेटीचा फोटो दाखवला, आकडे सांगितले, आणि माफी मागितली. मी मागून काय होणार, असं मनात होतं, तरी मागितली.

जिजी हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. "माले ठाऊक व्हतं. आमले बठासले ठाऊक व्हतं. आम्ही तिले गाभण पेटी म्हणूत."

ठेकेदारानं वाढवली की आबांनी, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "पेटी ठेकेदारनी, हात तुना आजाना." मग माझा चेहरा पाहून पुढं म्हणाल्या, "दुष्काळमा तुनी आजीबी तीच पेटी भरे."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणी कधी सांगितलं नाही. आजी त्या वर्षी खडी फोडायला बसली होती, आणि तिच्या पेटीवर हात फिरवायला आबा आले असतील. बाकीच्यांसारखीच तिचीही दहावी पेटी मोजून ब्रास लिहिला असेल. त्या वेळी ती त्यांच्याकडे बघत असेल का, हे विचारायला आता कोणी नाही.

बायकांनी कधी तक्रार केली का? एकदा केली, जिजींच्या आईनं. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं नाही, आठ दिवस. नवव्या दिवशी परत बोलावलं, कारण डबरातून एकसारखी दीड इंची खडी तिच्याइतकी कोणी पाडत नव्हतं. जिजींनी हे सांगताना डाव्या हाताची बोटं मिटून घेतली.

मी विचारलं, पेटी शाळेत ठेवू का, सगळ्यांना दिसेल अशी? "ठेव. पण शेजारे खरी बी ठेव. नहीतं पोरंसले कसं समजी?"

सोमवार, २८ एप्रिल

गावच्या सुतारांनी खरी पेटी करून दिली. ५ बाय २ बाय १, आतून. मजुरी घेत नव्हते, दिलीच. आबांची पेटी माळ्यावरून उतरवताना दादा न सांगता खाली उभे राहिले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

गुरुवार, १ मे

झेंडावंदन झालं, निकाल वाटले, मग पोरं घरी न जाता थांबली. शाळेच्या कामासाठी पाव ब्रास खडी आणली होती, तीच वापरली. जिजी मुलाच्या मोटारसायकलवर आल्या, नवं लुगडं नेसून. गावातल्या सात-आठ म्हाताऱ्याही आल्या, त्यांतल्या तिघी ७२ साली तिथं बसलेल्या. त्यांना खुर्च्या दिल्या. त्या खाली ढिगाशेजारी बसल्या.

आधी सुतारांची पेटी. पोरं घमेल्यानं खडी ओतत होती, एक मुलगी फळ्यावर रेघा मारत होती. २४ घमेली झाली आणि पेटी काठोकाठ भरली. पेटी उचलली, ढीग राहिला. शेजारी आबांची पेटी ठेवली आणि तोच सगळा ढीग तिच्यात ओढला. वरपर्यंत आलाच नाही. कडेनं फळी उघडी दिसत होती, मधे नानांच्या इंचाची खडूनं मारलेली रेघ. नाना काठी टेकत जवळ आले आणि वाकून पाहिलं.

पंचविसावं घमेलं. सव्विसावं ओतताना खडी रेघेला लागली, घमेल्यात थोडी उरली. नानांनी "इथवर रीत" म्हटलं आणि मागं सरले. सत्ताविसावं. जिजी उठल्या, मुलाच्या हातातलं अठ्ठाविसावं घमेलं त्यांनी घेतलं आणि सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हात तू फिरव, मास्तर."

मी गुडघ्यावर बसलो आणि हात फिरवला. खडी टोचत होती. काठाच्या वर काही राहिलं नाही, काठाच्या खालीही नाही. मुलीनं फळ्यावर लिहिलं: खरी पेटी २४, मुकादमाची पेटी २८. मग तिनं मला विचारलं, मुकादमाचं नाव लिहायचं का. दादा व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनीच होकाराची मान हलवली.